जलपरीमागची मुलगी

आमच्या घरामागे एक विहीर होती. मोठी, दगडी, आत उतरायला पायऱ्या असलेली. गल्लीतली सगळी पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्यात पोहायला शिकली, एक मी सोडून. कारण माझी नानी. दुपारी तिचा डोळा लागलाय असं पाहून मी हळूच मागच्या दाराशी जायचो आणि डोळे न उघडता ती म्हणायची, "पानी के नजीक नको जा रे, उने बुलाती." 'उने' म्हणजे ती. ती कोण, हे नानीनं कधीच सांगितलं नाही. शेजारच्या काकू सांगायच्या, विहिरीत साती आसरा असतात. विहिरीच्या कडेला एका कोनाड्यात शेंदूर फासलेले सात खडे मांडलेले होते, काकू त्यांना हळदकुंकू वाहायच्या. नानी पहिली घागर ओढताना ख्वाजा खिज्रांचं नाव घ्यायची, कारण पाण्यावर त्यांची नजर असते अशी आमच्याकडची समजूत. एकाच पाण्याला दोन घरांतून नेमलेले असे वेगवेगळे राखणदार होते आणि त्यांचं आपसांत भांडण झाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

पण आज मला बोलायचंय ते आपल्या विहिरीबद्दल नाही, युरोपातल्या नद्या-तळ्यांतल्या बायांबद्दल. या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो. एका मित्राला पाश्चात्त्य संगीताचा नाद. त्यानं एकदा मला एक गाणं ऐकवलं. भाषा चेक, म्हणजे मला एक अक्षर कळण्याची सोय नाही. पण बाईचा आवाज असा की, हातातला चहा गार झाला. मी विचारलं, "ही कोण? आणि कुणाला हाक मारतेय?" तो म्हणाला, "ही रुसाल्का. तळ्यात राहते. चंद्राला सांगतेय की, माझ्या माणसाला माझा निरोप दे." अंतोनिन द्वोर्झाक या संगीतकाराचा हा ऑपेरा, प्रागमध्ये 1901 साली पहिल्यांदा रंगमंचावर आला. संहिता यारोस्लाव क्वापिल या कवीची. गाणं संपलं आणि मला नानीचं ते 'उने' आठवलं. तेव्हापासून जे हाती लागलं ते वाचत गेलो. मी काही लोकसाहित्याचा अभ्यासक नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कविता लिहीत राहिलो, एवढीच माझी पुंजी. तेव्हा अभ्यासकांनी चुकभूल पोटात घालावी.

सुरुवात इंग्लंडपासून करू, कारण तिथल्या बाया सगळ्यांत कमी नटव्या आहेत. लँकशायर भागात 'जेनी ग्रीनटीथ' नावाची एक आहे, म्हणजे हिरव्या दातांची जेनी. ती साचलेल्या पाण्यात असते आणि काठाशी आलेल्या मुलांना आत ओढते. आता या जेनीची गंमत अशी की, तिथले लोक तळ्यावर पसरणाऱ्या एका बारीक पानांच्या हिरव्या वनस्पतीलाही हेच नाव देत. ही पानं पाण्यावर इतकी दाट पसरतात की, लांबून हिरवळ वाटावी. लहान मूल त्यावर पाय ठेवतं, पानं बाजूला होतात, मूल आत जातं आणि पानं पुन्हा जुळून येतात. जणू काही झालंच नाही. ज्या आईनं हे एकदा पाहिलं असेल, तिला पोराला काय सांगावं हा प्रश्न पडला असेल. 'ते गवत नाही, खाली पाणी आहे' हे चार वर्षांच्या पोराला कळत नाही. 'तिथे जेनी बसलीय' हे लगेच कळतं. उत्तर इंग्लंडमधल्या टीज नदीत अशीच एक पेग पाउलर आहे. नदीला फेस आला की लोक म्हणायचे, पेगचा साबण वर आला, आता पाण्यात जाऊ नका. आपल्याकडे पाणी आणि हवामान खात्याची पत्रकं निघतात. त्या काळी पेगच्या साबणावर भागत असे आणि ते पत्रक लोक वाचत तरी होते!

जर्मनीत ऱ्हाईन नदीवर सांक्ट गोआर्सहाउझेन गावाजवळ लोरेलाय नावाचा कडा आहे. उंची 132 मीटर. तिथे नदी अरुंद होते, वळण घेते, पाण्याखाली खडक आणि प्रवाहाला ओढ. कड्यावरून प्रतिध्वनी येतो. नावाड्यांच्या दृष्टीनं ही जागा फार जुन्या काळापासून बदनाम. पण कड्यावर बसून सोनेरी केस विंचरणारी, गाऊन नावाड्यांना भुलवणारी जी सुंदरी आज जगाला माहीत आहे, ती काही प्राचीन लोककथेतली नव्हे. क्लेमेन्स ब्रेंटानो या कवीनं 1801 साली आपल्या एका कादंबरीतल्या कवितेत तिला जन्म दिला. तीही आधी पाण्यातली नव्हती, प्रियकरानं फसवलेली एक मुलगी होती आणि शेवटी कड्यावरून नदीत कोसळते. पुढे हाइन्रिख हाइनेनं 1824 साली प्रसिद्ध केलेल्या कवितेत तिला कड्यावर बसवलं, हातात कंगवा दिला आणि नावाडी बुडवला. झिल्शर या संगीतकारानं त्या कवितेला चाल लावली आणि गाणं घराघरांत गेलं. इतकं की, हे कुणा कवीनं लिहिलंय हेच लोकांच्या ध्यानात राहिलं नाही, जणू नदीतूनच वर आलंय.

इथे थोडं विषयांतर करतो, कवी आहे म्हणून. हाइने जन्मानं ज्यू. 1825 साली त्यानं बाप्तिस्मा घेतला, तरी त्याचं परकेपण सुटलं नाही आणि तो पॅरिसमध्ये वारला. त्याच्या जन्मगावी, ड्युसेलडॉर्फमध्ये, त्याचं स्मारक म्हणून लोरेलायचं एक कारंजं बसवायचं ठरलं. शिल्पकार एर्न्स्ट हेर्टर. ज्यूद्वेष्ट्यांनी इतका आरडाओरडा केला की, गावानं ते नाकारलं. शेवटी 1899 साली ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात उभं राहिलं आणि आजही तिथेच आहे. ज्या माणसाचं गाणं सगळा देश आईच्या दुधासारखं पीत होता, त्याच्या पुतळ्याला मात्र समुद्र ओलांडून जागा शोधावी लागली. भाषा आपली म्हणणं आणि भाषेनं आपल्याला आपलं म्हणणं, यांत केवढं पाणी असतं, हे मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि तो कडा? 13 जानेवारी 2011 रोजी तिथे 'वाल्डहोफ' नावाचं जहाज उलटलं. त्यात सुमारे 2,400 टन गंधकाम्ल होतं. जहाजावर चारजण होते, त्यांतले दोघेच वाचले. गाणारी कुणी नव्हती, नदीला पूर होता.

ब्रेंटानोच्या कवितेतली एक गोष्ट मला सोडवेना. हाइनेच्या कवितेत लोरेलाय ही पुरुषाला बुडवणारी आहे. ब्रेंटानोकडे ती स्वतः बुडालेली आहे. म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांत बळी गेलेलीच आरोपी झाली! मग मी रुसाल्काकडे वळलो, तर तिथे हीच गोष्ट शेकडो वर्षं आणि हजारो गावांत घडलेली दिसली.

रशिया, युक्रेन, बेलारूस या मुलखातली रुसाल्का म्हणजे आपण समजतो तशी माशाच्या शेपटीची परी नाही. तिला दोन पाय आहेत. ती कोण, तर लग्नाआधी बुडून मेलेली मुलगी, जीव दिलेली मुलगी, कधी बाप्तिस्म्याशिवाय मेलेलं तान्हं मूल. ती केस मोकळे सोडून हिंडते. त्या समाजात लग्न झालेल्या बाईनं केस बांधून झाकायचे असत, तेव्हा मोकळे केस ही न लागलेल्या लग्नाची खूण. उन्हाळ्याच्या तोंडाशी, ईस्टरनंतर साधारण सात आठवड्यांनी, रुसाल्कांचा आठवडा येतो. तेव्हा त्या पाण्यातून वर येतात, बर्चच्या फांद्यांवर झोके घेतात, शेतांतून धावतात. त्या आठवड्यात नदीत पोहायचं नाही, एकट्यानं रानात जायचं नाही. युक्रेनमध्ये अशी समजूत की, रुसाल्का वाटेत गाठून विचारते, हातात काय आहे? आपल्या दवण्याच्या कुळातली एक कडू वनस्पती तिकडे होते, तिचं नाव घेतलं की ती निघून जाते. पार्सली म्हटलं, म्हणजे आपल्या कोथिंबिरीच्या नात्यातली ती भाजी, तर ती आनंदानं मिठी मारते आणि गुदगुल्या करकरून जीव घेते. गुदगुल्या करून! हे वाचताना मी थांबलो. मारायची ही तऱ्हा कुणा राक्षसिणीची नाही. खेळायचं वय असताना गेलेल्या पोरीची आहे.

'रुसाल्का' हे नाव कुठून आलं? बहुतेक अभ्यासक ते रोमन लोकांच्या 'रोझालिया' या सणाशी जोडतात. गुलाबाच्या दिवसांत मृतांच्या थडग्यांवर फुलं वाहायचा तो सण. म्हणजे नावाच्या मुळाशीच मेलेल्यांची आठवण आहे. द्मित्री झेलेनिन या रशियन अभ्यासकानं 1916 साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं दाखवलं की, तिथल्या शेतकऱ्यांच्या लेखी मेलेली माणसं दोन तऱ्हेची. एक, वय होऊन गेलेले पूर्वज. त्यांना मान. दुसरे अवेळी गेलेले, बुडालेले, फास घेतलेले. यांना गावच्या दफनभूमीत जागा नाही. त्यांना पुरलं तर जमीन रागावते, पाऊस पडत नाही, पिकावर हिमकण पडतात, अशी भीती. दुष्काळ पडला की अशा थडग्यांवर पाणी ओतल्याच्याही नोंदी आहेत. मग या प्रेतांचं करायचं काय? जुन्या रशियात गावाबाहेर एक मोठा खड्डा किंवा झोपडं असे, तिथे ती ठेवून देत. आणि वर्षातून एकदा, ईस्टरनंतरच्या सातव्या गुरुवारी, ज्याला 'सेमिक' म्हणतात त्या दिवशी, गावकरी पाद्र्याला घेऊन तिथे जात. आपले हात लावून अनोळखी प्रेतांना कफन घालत, खड्डे खणत, पुरत आणि सगळ्यांसाठी एकत्र प्रार्थना होई. अठराव्या शतकापर्यंत ही चाल होती. सेमिकच्या दिवशीच मुली बर्चला फिती बांधत, फुलांचे गजरे नदीत सोडत. आपल्याला चित्रांतून दिसतो तो गजरे सोडण्याचा भाग. खड्ड्याचा भाग चित्रात येत नाही.

तर रुसाल्का म्हणजे मुळात ही. गावानं ज्यांना मातीत जागा दिली नाही, त्या पाण्यात राहिल्या. गावाला मनातून ते ठाऊक होतं, म्हणून गाव त्यांना घाबरत होतं.

चेक लोककथांत पाण्याचा मालक पुरुष आहे, त्याला 'वोदनिक' म्हणतात. हिरवा कोट, कोटाच्या टोकातून सतत ठिबकणारं पाणी. बुडालेल्या माणसांचे आत्मे तो तळाशी पालथ्या घातलेल्या भांड्यांखाली ठेवतो. झाकण उचललं की आत्मा बुडबुडा होऊन वर येतो. लहान मुलांच्या पुस्तकांत हा वोदनिक विळखा मारून पाइप ओढणारा प्रेमळ म्हातारा झालाय. पण कारेल यारोमीर एर्बेन या कवीच्या 1853 सालच्या संग्रहातला वोदनिक वाचवत नाही. आईचं न ऐकता एक मुलगी तळ्यावर धुणं धुवायला जाते, फळी मोडते, ती पाण्यात पडते आणि वोदनिक तिच्याशी लग्न लावतो. मूल होतं. रडून-भेकून ती एका दिवसापुरती माहेरी येते. आई तिला परत जाऊ देत नाही. वोदनिक दाराशी येऊन तीनदा मागणी करतो. शेवटी वादळात दारावर काहीतरी आदळतं. मूल असतं, धड एकीकडे आणि शिर एकीकडे. द्वोर्झाकनं 1896 साली या कवितेवर वाद्यवृंदाची रचना केली. ही गोष्ट परीकथा म्हणून वाचावी तर वाचा. मला तिच्यात सासर, माहेर आणि या दोन घरांच्या ओढाताणीत मेलेलं मूल दिसलं.

स्कॉटलंडच्या उत्तरेच्या बेटांवर सील या प्राण्याची कातडी उतरवून बाई होणाऱ्या 'सेल्की'ची गोष्ट आहे. कोळी तिची कातडी लपवतो, लग्न करतो, मुलं होतात. एक दिवस मुलाला माळ्यावर कातडी सापडते, तो आईला दाखवतो आणि आई त्याच क्षणी समुद्राकडे निघते. ही गोष्ट किती घरांत किती बायकांनी कुणाला उद्देशून सांगितली असेल, देव जाणे.

आता आत्म्याचा प्रश्न. हा प्रश्न खेड्यातल्या बायकांनी काढला नाही, तो काढला एका डॉक्टरनं. पॅरासेल्सस हा सोळाव्या शतकातला स्विस वैद्य. त्याच्या मृत्यूनंतर 1566 साली छापल्या गेलेल्या एका पुस्तकात त्यानं असं मांडलं की, पाणी, वारा, माती आणि अग्नी या चारही तत्त्वांत राहणारे जीव असतात. पाण्यातल्यांना उंडीन म्हणतात. त्यांना हाडामांसाचं शरीर आहे, बुद्धी आहे, बोलता येतं, फक्त आत्मा नाही. माणसाशी लग्न झालं तर मात्र तो मिळतो. नवऱ्यानं पाण्याजवळ तिचा अपमान केला तर ती पाण्यात परत जाते, पण लग्न मोडत नाही आणि नवऱ्यानं दुसरी केली तर त्याचा मृत्यू ठरलेला.

एवढ्या कच्च्या मालावर पुढची तीनशे वर्षं साहित्य पोसलं गेलं. फ्रीडरिख द ला मोत फुके या जर्मन लेखकानं 1811 साली 'उंडीन' ही कादंबरिका लिहिली. कोळ्याच्या घरी वाढलेली अवखळ पोर एका सरदाराशी लग्न करते, आत्मा मिळतो आणि आत्म्याबरोबर दुःखही मिळतं. सरदार डॅन्यूब नदीवर नावेत तिला टाकून बोलतो, ती पाण्यात विरून जाते. त्याच्या दुसऱ्या लग्नाच्या रात्री अंगणातल्या विहिरीवरचा दगड बाजूला होतो, ती वर येते आणि त्याला कवटाळून इतकी रडते की त्या रडण्यातच तो जातो. मारते ती, पण रडून. यावर हॉफमननं 1816 साली ऑपेरा केला, लोर्ट्सिंगनं 1845 साली दुसरा.

डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन अँडरसननं 1837 साली 'छोटी जलपरी' लिहिली तेव्हा फुकेची गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढे होती. पण एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं स्पष्ट म्हटलंय की, आपल्या जलपरीला आत्मा मिळणं न मिळणं हे आपण दुसऱ्या कुणाच्या प्रेमावर सोपवलेलं नाही. हे मला फार मोठं वाटतं. त्याच्या गोष्टीत राजपुत्र दुसरीशी लग्न करतो. बहिणी केस कापून देतात आणि बदल्यात सुरी आणतात: त्याला मार आणि परत ये. ती सुरी समुद्रात फेकते. ती फेस व्हायची, पण होते वाऱ्याची लेक आणि तीनशे वर्षं चांगली कामं करून स्वतःचा आत्मा स्वतः मिळवायचा तिला मार्ग मिळतो. 1989 सालच्या डिस्नेच्या चित्रपटात शेवटी लग्न होतं. मुलांना ते आवडतं, माझ्या नातीलाही आवडलं. पण अँडरसननं मोठ्या कष्टानं तोडलेली गाठ तिथे पुन्हा बांधली गेली.

आत्म्याच्या या वादात मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र कुठल्याच मोठ्या लेखकाची नाही. ती स्वीडनमधली लोककथा आहे. तिथल्या नद्यांत 'नेक' असतो. तो पुरुष आहे आणि तो वाजवतो, कुठे सारंगीसारखं वाद्य तर कुठे हार्प. धबधब्याखाली बसून तो असं वाजवतो की ऐकणारा पाण्यात पाऊल टाकतो. एर्न्स्ट योसेफसन या चित्रकारानं 1884 साली काढलेलं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे. तर गोष्ट अशी: एका पाद्र्याची दोन मुलं नदीकाठी खेळत होती. नेक पाण्यावर बसून हार्प वाजवत होता. एक मुलगा त्याला म्हणाला, तू कशाला वाजवतोस, तुला काही मुक्ती मिळायची नाही. नेकनं हार्प फेकलं आणि रडत पाण्यात बुडाला. मुलं घरी गेली, बापाला सांगितलं. आता बाप पाद्री, म्हणजे शास्त्र त्याला मुलांपेक्षा जास्त ठाऊक. पण तो रागावला. म्हणाला, असं बोललात ते चुकलं, आत्ताच्या आत्ता परत जा आणि त्याला सांगा की, त्याचाही तारणहार आहे. मुलं गेली. नेक रडत बसला होता. मुलांनी निरोप सांगितला. मग नेकनं वाद्य उचललं आणि सूर्य मावळून गेल्यावरही कितीतरी वेळ तो वाजवत राहिला.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या मुलाचं बोलणं ओळखीचं वाटलं. तसं बोलणारी मुलं सगळ्या धर्मांत असतात, माझ्यातही आहेत. तो बाप मात्र शोधावा लागतो.

आजच्या जगात या बाया कुठे आहेत? कॉफीच्या कपावर आहेत. स्टारबक्स या अमेरिकन कंपनीचं चिन्ह 1971 पासून दोन शेपट्यांची सायरन आहे. 2012 च्या ऑक्टोबरात मुंबईत हॉर्निमन सर्कलला त्यांचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा तीही इकडे आली. कोपनहेगनच्या बंदरात अँडरसनच्या जलपरीचा पुतळा आहे. कार्ल याकोबसेन या मद्य उद्योजकानं ती कथा नृत्यनाट्यात पाहिली आणि एडवर्ड एरिक्सनकडून तो करवून घेतला, 1913 साली बसवला. पुतळा सव्वा मीटर उंच. 1964 साली कुणीतरी तिचं डोकं कापून नेलं. 1984 साली हात तोडला. 1998 साली पुन्हा डोकं. 2003 साली स्फोटकं लावून तिला खडकावरून पाडलं. 2004 साली तुर्कस्तानला युरोपीय संघात घेऊ नये म्हणून तिला बुरखा घातला. मला हे वाचून आधी हसू आलं, मग नाही आलं. ज्याला जे म्हणायचंय ते तो तिच्या अंगावर म्हणतो, कारण गोष्टीतच तिची जीभ कापलेली आहे.

आणि एक ठिकाण आहे, जिथे या बाईचं नाव आपल्याला अपेक्षित नसतं. रुग्णालयात. झोप लागली की ज्यांचा श्वास आपोआप चालत नाही, अशी काही मुलं जन्माला येतात. जागेपणी श्वास ठीक, झोपेत यंत्र लावावं लागतं. 2003 साली यामागच्या जनुकाचा शोध लागला. या अवस्थेला डॉक्टर 'ओंदीनचा शाप' म्हणत आले. हे नाव 1962 साली सेव्हरिंगहाउस आणि मिचेल या दोन अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या काही रुग्णांवरून दिलं. शस्त्रक्रियेनंतर ते रुग्ण सांगितलं की श्वास घेत आणि झोपले की विसरत. नाव आलं जाँ जिरोदू या फ्रेंच नाटककाराच्या 1939 सालच्या 'ओंदीन' या नाटकावरून. त्यात ओंदीनला फसवलेला नवरा शेवटी म्हणतो की, आता मला प्रत्येक गोष्ट शरीराला हुकूम देऊन करावी लागते, श्वाससुद्धा. पण नाटकात शाप ओंदीननं दिलेलाच नाही! मृत्यूचा करार पाण्याच्या राजाचा. ती बिचारी नवऱ्याला वाचवायला धडपडते, बेवफाई मीच आधी केली असं खोटंही सांगते. तरी वैद्यकाच्या पुस्तकांत साठ वर्षं शाप तिच्या नावावर. अलीकडे डॉक्टर हे नाव टाळून रोगाचं शास्त्रीय नाव वापरतात, तेही मुलांच्या आईबापांना 'शाप' हा शब्द ऐकवत नाही म्हणून. तिची बाजू कुणी घेतली म्हणून नाही.

आता शेवटी आमच्या विहिरीकडे येतो. येणार नव्हतो, पण आलो.

नानी गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. दर गुरुवारी संध्याकाळी ती घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं फातिहा पढायची. उदबत्ती, एका ताटलीत साखर नाहीतर खजूर आणि मग नावं. तिचे आईबाप, भाऊ, आमचे नाना, लहानपणी गेलेला मामा. या नावांत एक नाव असं होतं की, जे आमच्या घराण्यातलं नव्हतं. लहानपणी मला वाटायचं असेल कुणी लांबची. नानीनंतर फातिहा अम्मी पढू लागली आणि तिनंही ते नाव घेतलं, तेव्हा मी विचारलं.

अम्मी म्हणाली, पलीकडच्या गल्लीतली सून होती. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. एकोणीस वर्षांची असेल. एका संध्याकाळी मागच्या दारानं नानीकडे आली, पीठ मागायचं निमित्त करून. बराच वेळ बसली. काही बोलली नाही. अंधार पडायला लागला तशी नानीनंच सांगितलं, घर जा बेटा, उनो ढूंढते होंगे. दुसऱ्या दिवशी ती विहिरीत सापडली. घरच्यांनी सांगितलं, पाय घसरला. गल्लीनं सांगितलं, विहिरीनं ओढली, तिथे आसरा आहेत. सगळ्यांना ते पटलं. घसरला म्हणाले ते एका परीनं बरंच झालं, कारण जीव दिलेल्याची जनाज्याची नमाज व्हावी की नाही यावर आमच्यातही कुजबुज होते. तिला निदान कब्रस्तानात जागा मिळाली. पण त्या घरात आदल्या दिवशी काय झालं होतं, हे कुणी विचारलं नाही. वर्षभरात नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. पुढे तीच विहिरीत दिसते, तरण्या पोरांना बोलावते, असं गल्लीत झालं.

नाव मी इथे घेत नाही, तिचे भाऊ-भाचे अजून त्याच गावात आहेत. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे आणि मोटार बसवलीय. कोनाड्यातल्या सात खड्यांपैकी पाच मी गेल्या खेपेला पाहिले. अम्मी पाच वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून गुरुवारी ती नावं मी घेतो, नानीच्याच क्रमानं.